सॉफ्टवेअर नंतर घ्या, आधी साइटवरचं जुनं ड्रॉइंग उचला

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाकडला दोन टॉवरचं काम चालू आहे आणि विचारणारे तिथे प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंटच्या वतीने को-ऑर्डिनेटर म्हणून बसतात. आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल कन्सल्टंट, प्लंबिंग-इलेक्ट्रिकलवाले, ठेकेदार आणि बिल्डरचं ऑफिस अशी पाच टोकं सांभाळायची आहेत. चार व्हॉट्सॲप ग्रुप आहेत, दर सोमवारी मीटिंग होते, मेल तर दिवसभर चालूच असतात. तरीही दर पंधरवड्याला कुणीतरी म्हणतंच, "मला कुणी सांगितलंच नाही." तर कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, ग्रुप बंद करावेत का, ठेकेदाराची माणसं उशीर होणार हे अगदी शेवटच्या क्षणी का सांगतात, आणि वयाने दुप्पट असलेल्या साइट इनचार्जकडून काम कसं करून घ्यायचं, असे चार प्रश्न त्यांनी विचारलेत.

माझं सगळं काम पुण्यातल्या बांधकामांवरच झालं. कोथरूडच्या चार मजली सोसायट्यांपासून बाणेर-बालेवाडीच्या टॉवरपर्यंत. त्यामुळे उत्तर साइटवरचंच देतो.

सॉफ्टवेअरचं आधी सांगून टाकतो: आत्ता घेऊ नका. तुमच्याकडे बोलणं कमी नाही, रग्गड आहे. ठरलेली गोष्ट जो माणूस प्रत्यक्ष हाताने करणार आहे त्याच्यापर्यंत पोचली की नाही, हे सांगणाऱ्याला कळायची सोय मात्र नाही. ती सोय न करता सॉफ्टवेअर आणलंत तर "मी मेल केला होता" च्या जागी "मी अपलोड केलं होतं" ऐकायला मिळेल, एवढाच फरक पडेल.

एक प्रसंग जरा बारकाईने पाहू. असा प्रसंग थोड्याफार फरकाने प्रत्येक साइटवर घडतो. टॉयलेटच्या स्लॅबमध्ये ड्रेनेजच्या पाइपसाठी स्लीव्ह, म्हणजे पाइप जायला भोक राहावं म्हणून नळीचे तुकडे, सोडायच्या असतात. मंगळवारी बिल्डरच्या सांगण्यावरून आर्किटेक्टने कमोडची जागा थोडी सरकवली. बुधवारी प्लंबिंग कन्सल्टंटने सुधारित ड्रॉइंग काढलं, रिव्हिजन आर-३ (म्हणजे तिसरी सुधारित आवृत्ती), आणि ते मेलने "सगळ्यांना" पाठवलं. ठेकेदाराच्या ऑफिसात प्लॅनिंग इंजिनीअरने ते उघडलं आणि फोल्डरमध्ये ठेवलं. साइट इंजिनीअर त्या दिवशी दुसऱ्या टॉवरच्या कॉलमवर अडकला होता. प्लंबरच्या खिशात आर-२ ची प्रिंट होती, शटरिंग ऑइलने डागाळलेली, घडीवर फाटलेली. त्याने गुरुवारी त्या प्रिंटवरून स्लीव्ह लावल्या, अगदी बिनचूक. शुक्रवारी रात्री स्लॅब भरला. सोमवारच्या मीटिंगमध्ये पाचही टोकांनी आपापला पुरावा काढून दाखवला, आणि कुणीही खोटं बोलत नव्हतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. त्या मजल्यावरच्या प्रत्येक फ्लॅटमध्ये कोअर कटिंग, म्हणजे भरलेल्या स्लॅबला मशीनने भोक पाडणं. मशीनच्या वाटेत सळई आली की स्ट्रक्चरल कन्सल्टंटची परवानगी. त्यांनी नकार दिला की पाइपची वाट बदला. जुनं भोक बुजवलेल्या जागी वॉटरप्रूफिंग कायमचं कच्चं. पझेशननंतर पहिल्याच पावसाळ्यात खालच्या फ्लॅटवाल्याचा फोन येतो तो याच जागेचा.

हे ऐकून बहुतेक जण म्हणतात, साइट इंजिनीअरला एक फोन करायला हवा होता. करायला हवाच होता. पण केला असता तरी त्याने "हो, बघतो" म्हटलं असतं आणि प्लंबरच्या खिशातली आर-२ तिथेच राहिली असती. खरी गोम त्या खिशात आहे. नवं ड्रॉइंग देणं हे निम्मं काम झालं. जुनं परत घेणं हे उरलेलं निम्मं, आणि ते कुणाच्याच यादीत नसतं. माझ्या साइटवर यासाठी गॅसच्या टाकीचा नियम असतो: रिकामी दिल्याशिवाय भरलेली मिळत नाही. जुनी प्रिंट हातात द्या, तिच्यावर "रद्द" चा शिक्का पाहा, मग नवी घ्या. प्रिंट हरवली असेल तर तसं रजिस्टरमध्ये लिहून सही करा. रजिस्टर अगदी साधं: ड्रॉइंग नंबर, रिव्हिजन, तारीख, कुणी घेतलं, जुनी परत आली का. यासाठी शंभर पानी वही पुरते. आणि साइटवर फक्त "गुड फॉर कन्स्ट्रक्शन" (यावरून बांधायला हरकत नाही) अशा शिक्क्याची प्रिंट फिरली पाहिजे. टेंडरच्या वेळची ड्रॉइंग कुणाच्या टेबलावर दिसली की उचला, चहा सांडलेली असली तरी.

मोबाइलमधल्या पीडीएफचं काय, असं तुम्ही विचाराल. तो सगळ्यात वाईट खिसा. फोनमध्ये एकाच ड्रॉइंगच्या तीन रिव्हिजन असतात आणि माणूस हाताला लागेल ती उघडतो. फोनवरून काम करू नका असं सांगून कुणी ऐकणार नाही. म्हणून एकच सवय लावा: ड्रॉइंगवरून काहीही बोलायला सुरुवात करताना आधी रिव्हिजनचा नंबर मोठ्याने वाचायचा. "आर-३ बघतोय, तुमच्याकडे?" आठवडाभर लोक हसतात. मग हातातली रिव्हिजन जुनी निघते तेव्हा हसणं थांबतं.

दुसरी अडवणूक पोअर कार्डवर करायची. स्लॅब भरायच्या आधी सेंटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा आणि टेकू), सळई, कव्हर (सळईबाहेरचा काँक्रीटचा थर), प्लंबिंग, इलेक्ट्रिकल अशा सगळ्यांच्या सह्या त्या कार्डवर लागतात, हे तुमच्याकडेही असेलच. प्रश्न सह्या कधी होतात याचा आहे. बऱ्याच साइटवर ट्रान्झिट मिक्सर, म्हणजे तयार काँक्रीट आणणारी गाडी, गेटवर उभा राहिल्यावर कार्ड फिरतं. तयार काँक्रीटचं भारतीय मानक, आयएस ४९२६, सांगतं की मिक्सरमध्ये माल भरल्यापासून दोन तासांच्या आत तो उतरवला पाहिजे. शहरात अवजड वाहनांना ठरावीक वेळी बंदी असते, त्यामुळे गाडी आधीच कुठेतरी थांबून आलेली असते. पंप लागलाय, गाड्या रांगेत आहेत, गँग फावडी घेऊन उभी आहे, अशा वेळी "थांबा, स्लीव्ह बघू द्या" म्हणण्याची छाती कुणाची होणार? म्हणून कार्ड आदल्या संध्याकाळी पूर्ण झालं पाहिजे, आणि प्रत्येकाने सहीशेजारी आपण कोणत्या रिव्हिजनवरून तपासलं तो नंबर स्वतःच्या हाताने लिहिला पाहिजे. सही सवयीने होऊन जाते. नंबर लिहायचा तर ड्रॉइंग उघडावं लागतं.

आता व्हॉट्सॲप. ग्रुप बंद करू नका, करूही शकणार नाही. बंद केलेत तर तुम्हाला वगळून पाचवा निघेल. फोटोसाठी, "गाडी निघाली का" साठी, पावसात पाणी कुठे साचलंय ते दाखवण्यासाठी त्याच्याइतकं चांगलं साधन नाही. पण निर्णय तिथे राहता कामा नये. बिल्डरसाहेब रात्री साडेदहाला लॉबीच्या टाइलचा फोटो टाकतात, खाली सात अंगठे येतात, आणि सकाळी तो विषय सूर्योदयाच्या फोटोंखाली गाडला जातो. अंगठा म्हणजे "पाहिलं", "पटलं", "करतो" की "साहेबांनी टाकलंय म्हणून दिला", हे देणाऱ्यालाही नक्की सांगता येत नाही. "नोटेड सर" चंही तेच. नियम असा करा: ग्रुपवर काहीही ठरलं तर त्याच दिवशी को-ऑर्डिनेटर ते एका ओळीत निर्णयांच्या यादीत चढवतो, नंबर देतो, आणि तो नंबर ग्रुपवर टाकतो. यादीत नाही ते ठरलेलं नाही. बिल्डरच्या माणसालाही हे पहिल्याच आठवड्यात नम्रपणे सांगून ठेवा, कारण नियम सगळ्यात आधी तेच मोडतात. व्हॉइस नोट तर मुळीच चालवून घेऊ नका. तीन मिनिटांच्या नोटमधला "आणि हां, तो बीम जरा खाली घ्या" हा तुकडा पुन्हा शोधायला कुणाला वेळ आहे?

ग्रुपमध्ये किती जण असावेत यालाही हिशोब आहे. सहा माणसं असतील तर एकमेकांशी बोलायच्या जोड्या पंधरा होतात. बारा असतील तर सहासष्ट. माणसं दुप्पट, जोड्या चौपटीहून जास्त. म्हणून "सगळ्यांना सगळं" ही पद्धत लहान टीममध्ये निभावते आणि टॉवर उभा राहायला लागला की कोसळते. प्रत्येक टोकाचा एकच माणूस ठरवा. ठेकेदाराकडून प्लंबिंगचा एक, बिल्डरकडून निर्णय देणारा एक. तो रजेवर असेल तर बदली कोण, हेही आधीच लिहून ठेवा. गणपतीत निम्मं पुणे रजेवर असतं.

हे सगळं झालं ऑफिसपासून साइट इंजिनीअरपर्यंत. त्याच्या पुढे, साइट इंजिनीअर ते मुकादम आणि मुकादम ते कारागीर, हा टप्पा कोणत्याही प्लॅनमध्ये नसतो आणि सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. ड्रॉइंग मिलीमीटरमध्ये असतं. सेंटरिंगचा मिस्त्री फूट, इंच आणि सुतात बोलतो. इंचाची आठ सुतं, म्हणजे एक सूत साधारण तीन मिलीमीटर. २३० ची भिंत त्याच्यासाठी नऊ इंची, १५० ची सहा इंची, ११५ ची साडेचार. इथवर ठीक. पण "पंधरा मिलीमीटरची खाच" असं सांगितलं की तो मनात पाच सूत धरतो आणि घाईत अर्धा इंच करून मोकळा होतो. गँग बिहारची, बंगालची किंवा छत्तीसगडची, मुकादम लातूरकडचा, इंजिनीअर कोल्हापूरचा, आणि सगळे आपापल्या हिंदीत बोलतात. त्यात काँक्रीटच्या पंपाचा आवाज.

इथे "समजलं का?" हा प्रश्न विचारू नका. त्याला जगात एकच उत्तर आहे: "हो साहेब." त्याऐवजी खडू द्या हातात. "मामा, स्लीव्ह कुठे येणार ते प्लायवर काढून दाखवा." मुकादम टेप धरतो, बीमच्या कडेपासून माप घेतो, प्लायवर गोल काढतो. तुम्ही शेजारी आर-३ धरून उभे. चुकलं तर तिथेच पुसलं जातं. यात त्याला कमीपणा वाटत नाही, कारण तुम्ही त्याची परीक्षा घेत नाही, काम दाखवायला सांगताय. विमानाचा पायलटही कंट्रोल टॉवरचा आदेश ऐकून नुसतं "ओके" म्हणत नाही, आदेश परत म्हणून दाखवतो. तोच प्रकार, फक्त इथे खडूने. स्लॅबवरच्या प्रत्येक बदललेल्या जागेसाठी हे करा. न बदललेल्यासाठी नको, नाहीतर लोक वैतागतील.

तोंडी निरोपावर किती भिस्त ठेवावी, यासाठी एक जुनी दुर्घटना इंजिनीअरिंगच्या मुलांना शिकवतात, ती मला कायम लागू वाटते. १७ जुलै १९८१ ला अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रिजन्सी हॉटेलात, लॉबीवरचे दोन पादचारी पूल खालच्या गर्दीवर कोसळले आणि ११४ माणसं गेली. चौथ्या आणि दुसऱ्या मजल्याचे हे पूल एकाखाली एक, छतापासून पोलादी दांड्यांनी टांगलेले होते. मूळ डिझाइनमध्ये एकच लांब दांडा छतापासून चौथ्या मजल्याच्या पुलातून थेट दुसऱ्यापर्यंत जात होता. फॅब्रिकेटरला, म्हणजे पोलादी भाग बनवणाऱ्या कंपनीला, ते करायला अवघड होतं, म्हणून त्याने दोन दांडे सुचवले: एक छतापासून चौथ्यापर्यंत, दुसरा चौथ्यापासून खाली. कागदावर बदल किरकोळ दिसतो. पण त्यामुळे खालचा पूल आता वरच्या पुलाच्या बीमला लटकला आणि त्या जोडावरचा भार दुप्पट झाला. जोड मुळातच कमकुवत होता. शॉप ड्रॉइंगवर (फॅब्रिकेटरने बनवण्यासाठी काढलेल्या ड्रॉइंगवर) डिझाइन करणाऱ्या कार्यालयाचा शिक्का पडला, पण नव्या जोडाचं गणित कुणी केलं नाही. नंतर फॅब्रिकेटर म्हणाला, आम्ही फोनवर मान्यता घेतली होती. डिझाइनर म्हणाले, असा फोन आलाच नाही. जबाबदार इंजिनीअरांचे परवाने गेले.

त्या फोनचं खरं काय होतं, यापेक्षा मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. बदल सुचवणाऱ्याने "हे असं केल्याने भार कुठे जाईल?" असा प्रश्न लेखी विचारला असता तर कुणाला तरी पेन्सिल उचलावी लागली असती. म्हणून स्ट्रक्चरच्या बाबतीत एक कडक नियम: तोंडी मान्यता नाही, आणि "अमुक वेळेपर्यंत उत्तर आलं नाही तर मान्य समजू" हे तर मुळीच नाही. टाइलच्या रंगाला ते चालेल. बीमला नाही.

याच ओघात कन्सल्टंटना विचारायची पद्धत सांगतो. स्ट्रक्चरलवाले उत्तर देत नाहीत अशी तुमचीही तक्रार असेलच. त्यांच्याकडे एका वेळी कितीतरी साइट असतात आणि तुमचा मेल असा असतो: "सर, प्लीज ॲडव्हाइस रिगार्डिंग बीम ॲट सेकंड फ्लोअर." यावर उत्तर द्यायचं तर त्यांना आधी ड्रॉइंग शोधावं लागतं, मग तुमची अडचण ओळखावी लागते. त्याऐवजी नंबर घातलेला आरएफआय, म्हणजे माहिती मागणारा लेखी प्रश्न, पाठवा. एक फोटो, ड्रॉइंगच्या त्या भागाचा कापलेला तुकडा, अडचण दोन वाक्यांत, तुमच्या मते दोन पर्याय, त्यातला तुम्हाला कोणता बरा वाटतो, आणि उत्तर कधीपर्यंत हवं व का. "गुरुवारी दुपारपर्यंत उत्तर आलं तर शनिवारी स्लॅब, नाहीतर गँग दुसऱ्या टॉवरला हलवावी लागेल." असा प्रश्न कन्सल्टंट गाडीत बसल्या बसल्या सोडवतो. को-ऑर्डिनेटरने स्वतः डोकं लावून पर्याय काढलेत हे दिसलं की तुमचा फोनही उचलला जायला लागतो.

सोमवारच्या मीटिंगबद्दल फार लिहीत नाही, कारण दोनच गोष्टी बदलल्या तरी पुरे. पहिली, मिनिट्स त्याच दिवशी, एका पानावर, आणि प्रत्येक ओळीपुढे एका माणसाचं नाव आणि तारीख. "ठेकेदार" हे नाव नाही, "एमईपी टीम" (प्लंबिंग-इलेक्ट्रिकलवाले) हेही नाही. नुसतं "पीएमसी" तर लिहूच नका. पुण्यात ती महानगरपालिकाही आहे आणि प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट म्हणून तुम्हीही आहात. परवानगी कुणाकडे अडली यावरून पाऊण तास वाद झालेला मी पाहिलाय. तारीख बदलली तर जुनी खोडून शेजारी नवी लिहा, पुसू नका. तीन खोडलेल्या तारखा जे सांगतात ते सांगायला मग तुम्हाला आवाज चढवावा लागत नाही. दुसरी गोष्ट, "चालू आहे" आणि "९० टक्के झालं" ही उत्तरं घ्यायची नाहीत. ९० टक्क्यांवर कामं महिना महिना बसून राहतात. "प्लास्टरवाला आत जाऊ शकतो का?" असं विचारा. हो किंवा नाही.

रोजचं बोलणं मात्र मीटिंगहून मोलाचं. बऱ्याच ठिकाणी ते सकाळी करतात. माझ्या मते ते संध्याकाळी साडेपाचला, काम सुटायच्या आत, साइटवर उभ्यानेच व्हावं. सकाळपर्यंत मुकादमाने माणसं वाटून टाकलेली असतात, तेव्हा काही सांगणं म्हणजे त्याचा डाव मोडणं. संध्याकाळी एकच विषय: उद्याच्या कामाला काय कमी आहे? ड्रॉइंग, माल, माणूस, जागा, परवानगी. अमेरिकेत ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी १९९० च्या दशकात "लास्ट प्लॅनर" नावाची पद्धत बसवली, तिचा गाभा हाच आहे: जो माणूस शेवटी काम करून घेणार, त्यानेच आठवड्याचं वचन द्यायचं, आणि आठवड्याअखेरीस दिलेल्या वचनांपैकी किती पूर्ण झाली ते मोजायचं. दहापैकी सहा पूर्ण झाली तर ६० टक्के. हा आकडा कुणाला झापायला वापरला की पद्धत मेली. उरलेली चार का राहिली याची कारणं जमा करायला वापरला तर महिन्याभरात साइटचा आजार कळतो. त्याशिवाय पुढच्या तीन आठवड्यांचा एक तक्ता भिंतीवर लावा आणि त्यात बाहेरच्या गोष्टीही लिहा. शनिवारी खर्ची (आठवड्याच्या खर्चाचे पैसे) वाटली की त्या संध्याकाळी आणि रविवारी बाजाराला गेलेली माणसं धरायची नाहीत. छठ आणि होळीला अर्धी गँग गावाला जाणार. या तारखा कॅलेंडरवर छापलेल्या असतात, तरी दरवर्षी अचानक उगवतात.

आणि यातून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. सेंटरिंगची गँग जाणार हे साइट इनचार्जला आठवडाभर आधी ठाऊक असतं. मुकादमाने वाढीव उचल मागितलेली असते, तिकिटं काढलेली असतात. तो सांगत का नाही? कारण मागच्या वेळी त्याने आधी सांगितलं तेव्हा त्याच संध्याकाळी "कामात होत असलेल्या दिरंगाईबाबत" असं पत्र निघालं, बिल्डरला प्रत, ठेकेदाराच्या मालकाला प्रत, आणि पुढच्या बिलात डेबिट नोट, म्हणजे पैसे कापल्याची चिठ्ठी. न सांगता शेवटच्या दिवशी "माणसं पळाली साहेब" म्हटलं असतं तरी पत्र तेच आलं असतं, पण मधले सात दिवस शांततेत गेले असते. त्याच्या जागी तुम्ही काय केलं असतं?

म्हणून बिल्डरच्या प्रतिनिधीला विश्वासात घेऊन हे ठरवून घ्या: बातमी वेळेत आणली तर त्यावर पत्र निघणार नाही, लपवली आणि नंतर सापडली तर हमखास निघेल. हे एकदा जाहीर करा आणि पहिल्या वाईट बातमीला स्वतः कसोटीला उतरा. सगळ्यांचं लक्ष तुमच्या तोंडाकडे असतं. "हे आत्ता सांगताय?" बाहेर पडलं तर पुढचे सहा महिने तुम्हाला कुणी काही सांगणार नाही. पहिला प्रश्न "काय लागेल?" असाच असू द्या. का झालं ते नंतर, चहा घेताना. वरच्या दिशेनेही हेच. महारेराच्या (राज्याच्या गृहनिर्माण नियामकाच्या) संकेतस्थळावर बिल्डरला दर तिमाहीला प्रगती भरावी लागते, विक्रीवाल्यांना ग्राहकांना तारीख द्यायची असते, त्यामुळे गोंडस आकड्याची मागणी येतेच. साइटवर एक आकडा आणि वर दुसरा, असं तुमच्या हातून होऊ देऊ नका. दोन आकडे सांभाळायला लागलात की कुठला कुणाला सांगितला हे लक्षात ठेवण्यातच दिवस जातो.

हे सगळं तीन-चार स्लॅब नीट चाललं की मग सॉफ्टवेअर घ्या. तेव्हा तुम्हाला काय हवंय ते कळलेलं असेल: रिव्हिजन दाखवणारं, जुनी आपोआप बाजूला करणारं, कुणी उघडलं याची नोंद ठेवणारं. बाकीची शंभर बटणं विकणाऱ्याच्या प्रेझेंटेशनसाठी असतात. हिंजवडीत सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीमकडे तर सगळी साधनं हाताशी असतात, तरी "ती रिक्वायरमेंट बदलली हे मला माहीतच नव्हतं" हे तिथल्या कँटीनमध्येही ऐकू येतंच.

राहिले तुमचे साइट इनचार्ज. पन्नाशी उलटलेला माणूस, तुमच्या वयाइतका अनुभव, आणि मीटिंगमध्ये बिल्डरसमोर तुम्ही त्यांना "ही तारीख तिसऱ्यांदा चुकली" असं सुनावता. ते उत्तर देत नाहीत, छताकडे बघतात, आणि मग आठवडाभर तुमच्या मेलला उत्तर येत नाही. यात त्यांचा अहंकार आहेच, पण तो तुम्ही बदलणार नाही. मीटिंग अकराला असेल तर साडेनऊला त्यांच्या केबिनमध्ये जा. यादीची प्रिंट न्या, मोबाइलवर दाखवू नका. "सर, आज या पाच ओळी येणार आहेत, यात काही चुकीचं आहे का?" एवढंच विचारा. दोन ओळींवर ते हरकत घेतील, त्यातली एक तरी खरी निघेल. ती तिथेच पेनने दुरुस्त करा. उरलेल्या तीन ओळींवर कोणती तारीख लिहू, हे त्यांनाच विचारा आणि त्यांच्यासमोर तीच लिहा, तुम्हाला लांबची वाटली तरी. मग मीटिंगमध्ये ती यादी तुम्ही वाचू नका, त्यांना वाचू द्या.